पांजरपोळाने काय सांभाळले, काय राहून गेले

सांधे धरलेले, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेले, मूत्रपिंड थकलेले दहा वर्षांचे गावठी कुत्रे कोणी आश्रयगृहातून घरी आणले, की त्याला दोन शेरे हमखास ऐकावे लागतात. हे साहेबी खूळ आहे, हा पहिला. आणि दुसरा असा, की आपल्याकडे अशा जनावरांसाठी पांजरपोळ होतेच, ते घरात कशाला आणायचे? दुसरा शेरा खरा मानला तर पहिला आपोआप पडतो, हे बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पण त्या दुसऱ्या शेऱ्यातही अर्धेच तथ्य आहे, आणि ते कुठवर जाते हे पाहायला मुंबईइतके चांगले उदाहरण नाही. जनावराला मरणातून सोडवणे हे एक काम आणि त्याचे म्हातारपण काढणे हे दुसरे. या शहराने पहिले काम जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी मोठ्या हिमतीने अंगावर घेतले. दुसरे मात्र ज्या संस्थेकडून ते होण्यासारखे नव्हते तिच्याच गळ्यात टाकले आणि सुटकेचा श्वास घेतला.

मुंबईत मोकाट कुत्री मारण्याचा नियम कंपनी सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच केला होता. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात म्हणून ठरावीक महिन्यांत ती मारायची आणि मारणाऱ्याला प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस द्यायचे, अशी ती पद्धत. जिथे नगाला पैसे तिथे नग वाढणारच. शिपाई बिनमालकाच्या कुत्र्यांवर थांबेनात, दारातली पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. 6 जून 1832 रोजी कोटातल्या पारशांनी अशा शिपायांना गाठून चोप दिला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. जैन आणि हिंदू व्यापारीही हरताळात उतरले, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली, आणि शेवटी लष्कर आणून धरपकड करावी लागली. कोटातले पारशी हे एरवी सरकारशी सर्वांत जुळवून घेणारे, दंग्याधोप्यापासून लांब राहणारे लोक. ते कुत्र्यासाठी रस्त्यावर उतरले हे साहेबाला कळेना. त्यांच्या धर्मात मृतदेहाला कुत्र्याची नजर दाखवण्याचा सगदीदचा विधी आहे, एवढे त्याला ऐकून ठाऊक असेल. पण वंदीदाद या त्यांच्या धर्मग्रंथात याहून पुढचे सांगितले आहे. कुत्र्याला अति कठीण हाड किंवा भाजेल असे अन्न घालणे तिथे पाप ठरते, आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या गळ्यात लाकडी अडकण घालून त्याला बांधावे व श्रद्धावान माणसावर करतात तसेच उपचार त्याच्यावर करावेत, अशी आज्ञा आहे. रोगी कुत्र्याला औषधपाण्याचा हक्क सांगणारे इतके जुने विधान दुसरीकडे सहसा सापडायचे नाही. आपल्याला भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आठवतात. पण ते कुत्रे चांगले पळण्याइतके धडधाकट होते, हेही लक्षात ठेवायला हवे.

दंग्यातून तडजोड निघाली. 1834 मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्या पुढाकाराने आणि अमीचंद घराण्यातल्या जैन व्यापाऱ्यांच्या साथीने भुलेश्वरात पांजरपोळ उभे राहिले. आज तिथे मुख्यतः गाई दिसतात, पण सुरुवात झाली ती सरकार ज्यांना मारत होते त्या कुत्र्या-डुकरांना जागा द्यायची म्हणून. कल्पना मुंबईची नव्हती. 1583 च्या सुमारास भारतात आलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याने खंबायतेत लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पक्ष्यांसाठी चालवलेल्या इस्पितळांची नोंद करून ठेवली आहे. व्हिक्टोरिया राणी जन्माला यायला तेव्हा दोनशेहून अधिक वर्षे होती, त्यामुळे साहेबी खुळाचा मुद्दा इथेच निकालात निघतो. मुंबईकरांनी यात भर घातली ती पैशाच्या व्यवस्थेची. कापूस, अफू अशा मालाच्या उलाढालीवर व्यापाऱ्यांनी आपणहून लागा बसवला आणि तो पांजरपोळाकडे वळवला. एखाद्या शेठचे मन भरून आले तरच जनावरांना चारा, असे ते नव्हते. मालाची गाठ विकली की धर्मादायाची चिमूट बाजूला पडे. अफूच्या पैशावर कुत्री जगली याचे कोणाला हसू येईल, पण त्या काळी या शहराची शाळा-इस्पितळेही बऱ्याच अंशी त्याच पैशावर उभी राहिली.

आता पांजरपोळाची मर्यादा. पुष्कळ जनावरे एका आवारात ठेवून त्यांना खाऊपिऊ घालणे, कोणाला मारू न देणे, हे त्याचे काम आणि ते त्याने केले. पण म्हातारपणाचे आजार घोळक्यात दिसत नाहीत. कुत्र्याचे मूत्रपिंड बिघडू लागले की पहिली खूण म्हणजे ते पाणी जास्त पिते आणि लघवीला वारंवार जाते. घरात एकच वाडगा असेल तर सकाळी भरलेला दुपारी रिकामा कसा, हे दोन दिवसांत ध्यानात येते, रक्ताची तपासणी होते, क्रिएटिनिन कळते, खाणे बदलले जाते. पन्नास कुत्र्यांच्या हौदावर कोण किती प्याले हे कोण मोजणार? आजार लक्षात येतो तो जनावर खायचे सोडते तेव्हा, आणि तोवर मूत्रपिंडाचा मोठा भाग गेलेला असतो. सांधेदुखीचेही तसेच. दुखणारे कुत्रे ओरडत नाही, नुसते उठायचे टाळते, आणि गर्दीत ते शांत स्वभावाचे म्हणून गणले जाते. त्याला लागते ते निसटत नाही असे अंथरूण आणि वेळेवर गोळी. आवारात त्याला मिळते ती फरशी, आणि खायच्या वेळी तरण्या कुत्र्यांची रेटारेटी. हा कारभाऱ्यांचा दोष म्हणता येणार नाही. शंभर जनावरांमागे दोन-चार माणसे असली की दयेचा अर्थ चारा आणि पाणी एवढाच उरतो. ब्रिटिश लेखकांनी पांजरपोळांवर टीका केली ती मुख्यतः अशी, की तळमळणाऱ्या जनावराला सोडवण्याऐवजी इथे ते कुजत ठेवतात. जैन विचाराला ते सोडवणे म्हणजे हत्याच. दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या, पण दोघींच्याही बोलण्यात मधली अवस्था सुटली. जे जनावर मरणाच्या दारात नाही आणि बरेही होणार नाही, ज्याला अजून दोन-तीन वर्षे औषधावर बरी काढता येतील, त्याचे काय, हा प्रश्न त्या वादात नीट कोणी विचारलाच नाही.

विचारणारे इस्पितळ निघाले, पण तेही वेगळ्या कारणासाठी. 1874 मध्ये मुंबईत प्राणिक्लेश निवारणाची संस्था सुरू झाली, आणि 1883 मध्ये दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नी साकरबाई यांच्या नावाने परळला जनावरांचे इस्पितळ उभारण्यास हातभार लावला. पाठोपाठ 1886 मध्ये तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय निघाले. मुंबईकर त्या इस्पितळाला बैलघोडा हॉस्पिटल म्हणत आले ते उगाच नाही. गाडीचा बैल आणि ट्रामचा घोडा लंगडला तर शहराचा व्यवहार अडत होता. बरे करून पुन्हा कामाला जुंपता येईल असे जनावर हा त्या इस्पितळाचा खरा पेशंट. म्हाताऱ्या कुत्र्याला परत जायला काम नव्हते आणि बहुधा घरही नव्हते. रस्त्यावर तर त्याचे मरण चालूच राहिले. 1832 ला ज्या शहराने कुत्र्यासाठी हरताळ पाळला त्याच शहराची महापालिका विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत हजारो कुत्री मारत होती. देशभर तोडगा आला तो 2001 च्या नियमांनी: पकडा, नसबंदी करा, लस द्या, उचलले तिथे सोडा. संख्या आवरायला आणि रेबीज रोखायला याहून बरा मार्ग कोणी दाखवलेला नाही. पण ही व्यवस्था तरण्या, प्रजननक्षम कुत्र्याच्या हिशेबाने आखलेली आहे. सोडलेले कुत्रे दहा वर्षांनी आंधळे झाले की त्याच रस्त्यावर गाडीखाली येते.

यावर आक्षेप येतो तो पैशाचा आणि माणसांचा. सार्वजनिक रुग्णालयाच्या जिन्यावर रुग्ण झोपलेले असताना कुत्र्याच्या मूत्रपिंडावर खर्च कशाला? हिशेब असा मांडला तर नाटकाचे तिकीट आणि सोन्याची अंगठीही त्याच यादीत घ्यावी लागेल. ज्याच्या खिशातून खर्च होतो त्याने तो सरकारी दवाखान्यातून काढून घेतलेला नसतो. आणि भुलेश्वरात पांजरपोळ बांधणाऱ्या जमशेटजींनीच माणसांसाठी जे. जे. रुग्णालय उभारायला पैसा दिला. एका दयेने दुसरी आटते हे म्हणणे निदान या गावात तरी खोटे पडलेले आहे. रेबीजचा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1832 ला पिसाळलेल्या कुत्र्याची भीती अगदी खरी होती, कारण पाश्चरची लस यायला 1885 उजाडावे लागले. तेव्हाच्या शिपायाला मी खलनायक मानत नाही. पण आज लस टोचलेले, नसबंदी झालेले, दात पडायला आलेले कुत्रे घरात असणे हे ते रस्त्यावर असण्यापेक्षा सगळ्यांनाच सुरक्षित आहे. त्या भीतीचा आधार घेऊन घराचे दार बंद करता येणार नाही.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती दत्तक घेणाऱ्यांच्या आवडीनिवडीत आहे. लोकांना पिल्लू हवे असते. म्हातारे कुत्रे आणले तर वर्ष-दोन वर्षांत जाणार, तोवर दवाखान्याची बिले भरायची आणि शेवटी रडायचे, हा सौदा पुष्कळांना नको असतो आणि त्यात खोटे काही नाही. 22 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील भटक्या कुत्र्यांबाबतचा आपला आधीचा आदेश बदलताना नागरिकांना अशी कुत्री दत्तक घेण्याची मुभा दिली, मात्र ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली. जबाबदारी योग्यच, पण तिच्याबरोबरचा खर्चही तिथेच जातो. उपचारांची सोय शहरात वाढते आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे मोठे प्राणी रुग्णालय 2024 मध्ये सुरू झाले. तिथून घरी न्यायला कोणी नसेल तर बरे झालेले म्हातारे कुत्रे परत आवारातच जाते. अशा वेळी जुन्या व्यापाऱ्यांचा लागा आठवतो. त्यांनी पैसा एकत्र केला आणि जनावरेही एकत्र केली. यातला पहिला भाग ठेवून दुसरा बदलता येईल. निधी सामाईक असावा, त्यातून औषधे, तपासण्या, पथ्याचे खाणे भागावे, आणि कुत्रे मात्र एकेका घरात एकेकट्याने राहावे. पेन्शनीत निघालेल्या, दुपार मोकळी असलेल्या, पण महिन्याला चार हजारांच्या गोळ्या न परवडणाऱ्या कितीतरी घरांना हे जमण्यासारखे आहे.