दोघांची गाडी, दाराचं माप

दुकानात डबल स्ट्रोलर एकेरी गाड्यांच्या पलीकडे, कोपऱ्यात उभी असते. घरात दुसऱ्याची चाहूल लागेपर्यंत तिच्याकडे कुणी ढुंकून पाहत नाही. वंशावळीत मात्र ती थोरली. १७३३ मध्ये विल्यम केंट या इंग्लिश वास्तुरचनाकारानं तिसऱ्या ड्यूक ऑफ डेव्हनशरसाठी जी गाडी घडवली, तीच सहसा पहिली बाबागाडी मानतात, आणि ती ड्यूकच्या एका बाळासाठी नव्हे तर मुलांसाठी होती. शिंपल्याच्या घाटाची बैठक, खाली स्प्रिंगा, ओढायला बोकड किंवा लहानसं तट्टू. आईचे हात मोकळे करावेत हा हेतू त्यात कुठेच नव्हता. ते काम करायला दाया होत्या. पोरांनी बागेत मजेत फिरावं, एवढंच. बाग ड्यूकची, त्यामुळे रुंदीची चिंता करायचं कारण नव्हतं.

ती चिंता सुरू झाली गाडी शहरात आल्यावर. १८३०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बेंजामिन क्रँडल बाबागाड्या विकू लागला. जनावर गेलं, माणसानं धरायची दांडी आली. त्याचा मुलगा जेसी यानं पुढे ब्रेकसारख्या सुधारणांची पेटंटं घेतली. पण ओढायच्या गाडीत बाळ पाठीमागे राहतं, रडलं तरच कळतं. १८४८च्या सुमारास चार्ल्स बर्टननं ढकलायची गाडी केली. न्यूयॉर्कच्या फुटपाथवर ती लोकांच्या पायांवर आदळू लागल्याच्या तक्रारी झाल्या, मग तो इंग्लंडला गेला आणि तिथे १८५३ मध्ये पेटंट घेतलं. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या खानदानी घरांनी ती उचलून धरली. फुटपाथ आणि बाबागाडी यांचं भांडण इतकं जुनं आहे, आणि ते मिटलेलं नाही.

जुळ्यांसाठी तेव्हाच्या कारखान्यांनी काढलेली युक्ती मला अजूनही सगळ्यांत देखणी वाटते: एकच लांबट होडी, दोन्ही टोकांना एकेक टप, दोन बाळं समोरासमोर, चारही पाय मध्यभागी. रुंदी एकेरीएवढीच. विल्यम विल्सननं १८७७ मध्ये सुरू केलेल्या, लीड्सच्या सिल्व्हर क्रॉससारख्या कारखान्यांच्या या गाड्या म्हणजे जवळपास फर्निचरच. त्या ढकलायला पगारी आया हवी आणि ठेवायला घरात जागा हवी. बाळाचं तोंड कुणीकडे, हा प्रश्नही त्याच काळातला: १८८९ मध्ये विल्यम रिचर्डसन या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकानं बैठक फिरवून बाळाला ढकलणाऱ्याकडे वळवता येईल अशा गाडीचं पेटंट घेतलं.

पुढे आया गेल्या, मोठी घरं गेली. लिफ्ट, मोटारीची डिकी आणि विमान आलं. ओवेन मॅक्लारेन हे स्पिटफायर विमानाची उतरणीची चाकं घडवण्याच्या कामात असलेले निवृत्त वैमानिक अभियंते. तान्ह्या नातीला जडशीळ गाडीतून नेता-आणताना मुलीची होणारी ओढाताण त्यांनी पाहिली. विमानाच्या पंखांत दुमडून बसणारी चाकं ज्यांनी केली, त्यांना गाडी दुमडणं अवघड नव्हतं. ॲल्युमिनियमच्या नळ्या, छत्रीसारखी घडी, वजन जेमतेम पावणेतीन किलो. १९६५ मध्ये पेटंटचा अर्ज, १९६७ मध्ये विक्री. अशा दोन गाड्या शेजारी-शेजारी जोडल्यासारखी जोडगाडी मागोमाग आलीच. तिचा दोष मात्र तेव्हापासून आजवर तसाच आहे: एका बाजूला तीन वर्षांचं, दुसऱ्या बाजूला चार महिन्यांचं बसवलं की गाडी जड बाजूला ओढ घेते आणि ढकलणाऱ्याचं मनगट दुखायला लागतं.

गिऱ्हाईकही वाढत होतं. अमेरिकेत १९८० मध्ये दर हजार जन्मांत १९च्या आसपास जुळी होती, २००९ मध्ये ३३. उशिराचं मातृत्व आणि वंध्यत्वावरचे उपचार, ही त्यामागची मोठी कारणं. जुळ्यांना शेजारी-शेजारीच बरं; वजन सारखं, झोप सारखी. फक्त एकमेकांचे केस ओढायची सोय आयतीच होते. पुढे-मागे बसवणाऱ्या गाडीची रुंदी वाढत नाही, पण मागच्याला प्रवासभर पुढच्या बैठकीची पाठ दिसते, आणि फुटपाथच्या कडेवर चढताना पुढे बसलेल्या थोरल्याचं सगळं वजन दांडीवर दाबून उचलावं लागतं. २०११ मध्ये डच कंपनी बुगाबूनं डाँकी ही गाडी काढली. एका बाळाला ६० सेंटिमीटर, दुसरं आलं की पसरून ७४. किंमत ऐकून मात्र दुसऱ्याचा विचार लांबणीवर पडावा.

आता गोष्ट त्या ७४ सेंटिमीटरची. शेजारी-शेजारीच्या बहुतेक गाड्या ७५-७८ सेंटिमीटरच्या आत का थांबतात? बाळांच्या खांद्यांचा याच्याशी संबंध नाही. अमेरिकेत १९९० च्या अपंगांसाठीच्या कायद्यामागोमाग आलेल्या मानकांनुसार सार्वजनिक इमारतीचं दार उघडल्यावर किमान ३२ इंच, म्हणजे ८१ सेंटिमीटर, वाट मोकळी हवी. ती चाकाच्या खुर्चीसाठी. उतार, रुंद दारं, कमी उंचीच्या तळाच्या बस, हे सगळं अपंगांच्या चळवळींनी भांडून मिळवलं आणि त्यावरून बाबागाड्या आरामात आत आल्या. आत आल्यावर जागा एकच. फेब्रुवारी २०१२ मध्ये इंग्लंडात वेदरबीहून लीड्सला निघालेल्या, चाकाची खुर्ची वापरणाऱ्या डग पॉली यांना बसमध्ये चढता आलं नाही, कारण खुर्चीच्या जागेत बाबागाडी होती, बाळ झोपलेलं होतं आणि गाडी घडी होत नाही असं आईचं म्हणणं होतं. प्रकरण थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. जानेवारी २०१७ मध्ये निकाल लागला: चालकानं एकदा विनंती करून गप्प बसू नये, नकार अवाजवी वाटला तर आग्रह धरावा, गरज पडल्यास थोडा वेळ बस थांबवूनही ठेवावी. प्रवाशाला खाली उतरवायची सक्ती मात्र न्यायालयानं घातली नाही. पॉलींची बाजू मला रास्त वाटते. तरी झोपलेलं पोर कडेवर, दुसरं बोटाला आणि गाडी घडी करायची, हे करून पाहिलेल्या माणसाला त्या आईचाही राग येत नाही.

न्यूयॉर्कच्या बसमध्ये तर गाडी मिटूनच चढायचं, असा नियम होता; उघडी गाडी चालवून पाहण्याचा प्रयोग २०२२ मध्ये सुरू झाला. डिस्नेच्या अमेरिकन उद्यानांनी १ मे २०१९ पासून ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब ही हद्द घातली. निर्मात्यांनी लगेच जाहिरातीत त्या मापाचा उल्लेख सुरू केला.

आपल्याकडे या गाडीनं मूळ धरलं नाही ते प्रेमाअभावी नव्हे, फुटपाथअभावी. एक कडेवर, एक बोटाला, ही आपली जोडगाडी. न्यू जर्सीतल्या मराठी घरात मात्र ती दारात उभी असते, आणि सहा महिन्यांसाठी आलेल्या आजी-आजोबांनाच ती जास्त ढकलावी लागते. तेव्हा घेताना आधी घडी घालणारे हात कोणाचे ते बघा. बारा-पंधरा किलोची गाडी आजीनं डिकीत उचलून ठेवायची का? मग दार आणि लिफ्ट मोजा, आणि नवजाताला सपाट निजता येतं का ते तपासा. मुलांत अडीच-तीन वर्षांचं अंतर असेल तर माझं मत सरळ आहे: एकेरीच ठेवा आणि थोरल्याला उभं राहायला मागे चाकांची फळी जोडा. जोडगाडीत तो असाही वर्षभराच्या आत बसेनासा होतो.