ओडीबीसी

डेस्कटॉपवरील प्रोग्रामने कोणत्याही रिलेशनल डेटाबेस सर्व्हरशी एकाच ठरलेल्या पद्धतीने बोलावे, यासाठी आखलेला प्रोग्रामिंग इंटरफेस. पूर्ण नाव ओपन डेटाबेस कनेक्टिव्हिटी. मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आणली. एसक्यूएल अ‍ॅक्सेस ग्रुप या कंपन्यांच्या गटाने तयार केलेला मसुदा तिच्या पायाशी होता. १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेले एसक्यूएल/सीएलआय हेही त्याच मसुद्यातून आले.

त्याआधी प्रत्येक सर्व्हरची लायब्ररी वेगळी असे. नाहीतर प्रोग्राममध्ये एसक्यूएलची वाक्ये पेरून तो त्या-त्या कंपनीच्या प्रीकंपायलरमधून काढावा लागे. सर्व्हर बदलला की पुन्हा तेच. एक्सेलसारखा तयार प्रोग्राम विकणाऱ्याला तर गिऱ्हाइकाकडे ओरॅकल असेल की सायबेस, हे आधी कळण्याची सोयच नव्हती. म्हणून सर्व्हरची भाषा जाणणारा भाग प्रोग्राममधून बाहेर काढून ‘ड्रायव्हर’ केला गेला आणि तो प्रोग्राम चालू असताना जोडून घेण्याची व्यवस्था झाली. ओडीबीसीचे खरे मर्म हेच.

प्रोग्राम आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ असतो. विंडोजमध्ये तो आयता मिळतो. लिनक्सवर युनिक्सओडीबीसी वापरतात. प्रोग्राम त्याच्या हाती कनेक्शन स्ट्रिंग देतो. तिच्यात ड्रायव्हर, सर्व्हर, डेटाबेस, युजर आणि पासवर्ड अर्धविरामांनी तोडून लिहिलेले असतात. मॅनेजर योग्य ड्रायव्हर मेमरीत आणतो आणि ड्रायव्हर नेटवर्कवरून सर्व्हरचे पोर्ट गाठतो. हे पोर्ट सहसा एसक्यूएल सर्व्हरसाठी १४३३, मायएसक्यूएलसाठी ३३०६ आणि पोस्टग्रेससाठी ५४३२ असते. जोडणी फसली तर पाच अक्षरांचा कोड परत येतो. ०८००१ म्हणजे सर्व्हरशी जोडणीच झाली नाही, २८००० म्हणजे सर्व्हरने लॉगिन नाकारले. आयएम००२ आला तर गाडी घरातच अडली आहे : दिलेल्या नावाचा डेटा सोर्स किंवा ड्रायव्हर या संगणकावर सापडलेला नाही.

हा डेटा सोर्स, म्हणजे जोडणीचा तपशील एका नावाखाली नोंदवून ठेवलेला डीएसएन, युजर, सिस्टम आणि फाइल अशा तीन प्रकारचा असतो. प्रोग्राम ३२ बिटचा असेल तर ड्रायव्हरही ३२ बिटचाच लागतो, आणि सिस्टम डीएसएनही त्याच बाजूला नोंदवावा लागतो. ६४ बिटच्या विंडोजमध्ये नोंदणीची दोन साधने आहेत. त्यांपैकी ६४ बिटचे ‘सिस्टम३२’ या फोल्डरमध्ये, तर ३२ बिटचे ‘सिसवॉव६४’मध्ये असते. फाइलचे नाव मात्र दोन्हीकडे एकच! नवख्यांचा बराच वेळ इथेच जातो आणि दोष त्यांचा नसतो.

देवनागरी मजकुरासाठी युनिकोड ड्रायव्हर आणि युनिकोड साठवू शकणारा स्तंभ, दोन्ही हवेत. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस यांचे ओडीबीसी ड्रायव्हर एएनएसआय आणि युनिकोड अशा दोन रूपांत मिळतात. पहिला निवडला तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटू शकतात. ती तशीच सर्व्हरवर साठली तर मूळ अक्षरे परत मिळत नाहीत.

ड्रायव्हर बदलला की सर्व्हर बदलला, हे आश्वासन अर्धेच खरे ठरले. जोडणी सारखी झाली तरी एसक्यूएलच्या बोली वेगळ्याच राहिल्या : पहिल्या दहा ओळी मागायला एसक्यूएल सर्व्हरवर ‘टॉप’, तर मायएसक्यूएलवर ‘लिमिट’. शिवाय प्रत्येक डेस्कटॉप थेट सर्व्हरशी जोडला की ड्रायव्हर आणि पासवर्ड प्रत्येक टेबलावर सांभाळावे लागतात. लहान कार्यालयात ते चालते. मोठ्या ठिकाणी मध्ये अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर घालणेच शहाणपणाचे. एसक्यूएल सर्व्हरच्या ओडीबीसी ड्रायव्हरच्या १८ व्या आवृत्तीपासून एन्क्रिप्शन आपोआप चालू असते. त्यामुळे विश्वासार्ह सर्टिफिकेट नसलेल्या सर्व्हरशी आधी सुरळीत चालणारी जोडणी ड्रायव्हर बदलताच नाकारली जाते.

पलीकडे रिलेशनल सर्व्हरच असला पाहिजे, असेही नाही. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर स्वतःच ओडीबीसी सर्व्हर बनू शकते. कंपनी उघडी असली की एक्सेलमधून तिची खाती वाचता येतात. त्यासाठी टॅलीचे नेहमीचे पोर्ट ९०००.