गरीबगुरबा

'गरीबगुरबा' म्हणताना त्यातला 'गुरबा' आपल्याला यमकासाठी चिकटवलेला वाटतो, अंगतपंगतमधल्या अंगतसारखा. पण तो अरबी 'गरीब'चंच अनेकवचन आहे. मूळ अरबीत गरीब म्हणजे परका, मुलूख सोडून आलेला. खिसा रिकामा असणं हा अर्थ नंतरचा. परमुलखात आलेल्याचा खिसा बहुधा रिकामाच असतो, म्हणून चिकटला असावा.

हैदराबादेत नामपल्लीच्या अनाथालयाचं नाव 'अनीस-उल-गुरबा', म्हणजे गुरबांचा सोबती. या सोबतीची मुळं थेट कुराणात सापडतात. जकात, म्हणजे इस्लाममधलं बंधनकारक दान, कुणाला द्यावी याच्या आठ वर्गांत एक आहे 'इब्न-अस-सबील', वाटेचा पुत्र. आपल्या भाषेत वाटसरू. घरी श्रीमंत असला, तरी वाटेत अडलेला वाटसरू हकदार ठरतो.

नामपल्लीचा युसुफैन दर्गा दोन परक्यांचाच. युसुफबाबा आणि शरीफबाबा औरंगजेबाच्या फौजेबरोबर दख्खनेत आले आणि इथेच राहिले, अशी परंपरा आहे. दोघे दिल्लीच्या शाह कलीमुल्लांचे मुरीद. कलीमुल्लांचेच दुसरे शिष्य निजामुद्दीन औरंगाबादेत स्थिरावले. तिथलीच पाणचक्की आपण सहलीत फोटो काढून सोडून देतो. ती बाबा शाह मुसाफिर या पिरांच्या तकियाची, म्हणजे फकिरांच्या मठाची. बुखाऱ्याकडून दख्खनेत आलेले शिपाई, यात्रेकरू, फकीर तिथे उतरत. चक्कीत दळलं जाई ते त्यांच्या भाकरीचं पीठ. पीर 'मुसाफिर' आणि पाहुणेही मुसाफिर.

नामपल्लीला 1907 मध्ये रेल्वे स्टेशन आलं आणि वाटसरूंची संख्याच बदलली. 1919 मध्ये सातव्या निजामाने स्टेशनासमोर सराई बांधली. तकियाचं काम दरबाराने उचललं, एवढाच फरक.

2012 च्या सुमारास म्यानमारमधून रोहिंग्या निर्वासित हैदराबादेत येऊ लागले, तेव्हा दरबार नव्हता आणि सराई पडीक होती. त्यांचा मुक्काम शहराबाहेर, बाळापूरला पडला. झोपड्यांना जागा आणि रमजानचं रेशन देण्यात स्थानिक मुस्लिम संस्था पुढे होत्या. कागदपत्रं आणि शाळाप्रवेशाच्या कामी 'कोवा' ही संस्था आली. जकातीने पोट भरतं, वास्तव्याचा हक्क मिळत नाही. तो देणं सरकारचं काम, आणि ते झालेलं नाही. 1951 च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही. कायद्याच्या लेखी ही माणसं निव्वळ परदेशी, म्हणजे अरबी अर्थाने गरीब. मराठी अर्थाने तर ती आहेतच.