नव्या गेम कन्सोलची ताकद : आकडे आणि त्यामागचे वास्तव

नवा गेम कन्सोल येणार अशी कुणकुण लागली, की प्रत्यक्ष यंत्र बाजारात येण्याच्या दोन-तीन वर्षे आधीच त्याच्या ताकदीचे आकडे फिरू लागतात. इतके टेराफ्लॉप, इतकी मेमरी, इतक्या पट वेग. हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान उद्यानाला लागून असलेल्या मुळशी तालुक्यातील जांबे, मारुंजी, नेरे या गावांत आता संगणक अभियंत्यांची बरीच वस्ती झाली आहे. जांबे येथे राहणाऱ्या अशाच एका परिचितांनी मध्यंतरी विचारले, "प्लेस्टेशन-५ आता घ्यावे, की सहाव्यासाठी थांबावे?" प्रश्न साधा आहे, पण पन्नास हजारांच्या घरातील खरेदी असल्याने तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या प्रश्नाला दुसरीही एक बाजू आहे. पुण्यात आज गेम तयार करणारे स्टुडिओ आहेत आणि कोणत्या यंत्रासाठी गेम लिहावा, हा निर्णय त्यांच्यासाठी काही वर्षांच्या कष्टांचा आणि भांडवलाचा असतो.

टेराफ्लॉप म्हणजे काय?

हा शब्द पुणेकरांना तरी सर्वस्वी अपरिचित नसावा. प्रगत महासंगणक भारताला देण्यास अमेरिकेने आडकाठी केल्यानंतर १९८८ साली पुण्यात 'सी-डॅक' ही संस्था उभी राहिली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्याची क्षमता सुमारे एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला अपूर्णांकांवरील शंभर कोटी आकडेमोडी, एवढी होती. टेराफ्लॉप म्हणजे त्याच्या हजारपट. पुढे ४ मार्च २००० रोजी सोनीने जपानमध्ये प्लेस्टेशन-२ विक्रीस आणले, तेव्हा त्यातील 'इमोशन इंजिन' या प्रोसेसरची क्षमता ६.२ गिगाफ्लॉप असल्याचे जाहीर केले होते. कागदावर पाहिले तर दूरचित्रवाणी संचाखाली ठेवायचे ते खेळणे 'परम'च्या सहापट ताकदवान ठरले! त्याच वर्षी जपान सरकारने या कन्सोलच्या निर्यातीवर निर्बंध घातले. क्षेपणास्त्रांच्या मार्गदर्शनासाठी त्याचा उपयोग होऊ शकेल, अशी शंका त्यामागे होती. महासंगणक देताना भारताविषयी जी धास्ती व्यक्त झाली, तीच दहा-बारा वर्षांनी एका खेळण्याच्या वाट्याला यावी, हा योगायोग मजेशीरच म्हणावा लागेल.

अर्थात ही तुलना फसवी आहे. 'परम'मधील ट्रान्सप्युटर ६४ बिटांच्या अचूकतेने गणित करू शकत. प्लेस्टेशनचा आकडा ३२ बिटांचा. शिवाय कन्सोलचा आकडा कोणी यंत्र चालवून मोजलेला नसतो, तो गुणाकाराने काढलेला असतो. प्लेस्टेशन-५ चेच उदाहरण घेऊ. त्यात ३६ गणन-एकक आहेत, प्रत्येकात ६४ गणक, प्रत्येक गणक एका ठोक्याला दोन क्रिया करतो आणि सेकंदाला २२३ कोटी ठोके पडतात. या चार संख्यांचा गुणाकार केला, की १०.२८ टेराफ्लॉप हा सुप्रसिद्ध आकडा मिळतो. प्रत्येक गणक प्रत्येक क्षणी कामात गुंतलेला आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात गणकांना मेमरीतून माहिती येईपर्यंत खोळंबावे लागते. महासंगणकांच्या जगात म्हणूनच 'लिनपॅक' ही सर्वमान्य चाचणी घेतात. टाटा सन्सच्या पुण्यातील कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने उभारलेला 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये जगात चौथा ठरला, तो याच चाचणीत नोंदविलेल्या ११७.९ टेराफ्लॉपच्या जोरावर. कन्सोलसाठी अशी कोणतीही सर्वमान्य कसोटी नाही, आणि कंपन्यांना ती नकोच असावी, असे वाटण्यास जागा आहे.

याचा प्रत्यय २०२० साली आला. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स सिरीज एक्सचे १२.१५ टेराफ्लॉप आणि सोनीचे १०.२८ यांवरून बरीच हमरीतुमरी झाली. दोन्ही यंत्रांवरील गेम शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा बहुतेक ठिकाणी फरक शोधावा लागला. काही गेममध्ये तर कमी आकड्याचे यंत्र सरस ठरले. २०२४ च्या प्लेस्टेशन-५ प्रोबाबत तर सोनीनेच सांगितले, की चित्रनिर्मितीचा वेग ४५ टक्क्यांपर्यंत वाढला आहे. टेराफ्लॉप मात्र १०.२८ वरून १६.७ वर गेले होते, म्हणजे ६२ टक्क्यांनी अधिक. उरलेले टक्के कुठे गेले, याचे उत्तर मेमरीच्या वेगात सापडते. तो जेमतेम २८ टक्क्यांनी वाढला होता.

प्लेस्टेशन-३ चा धडा

ताकद आणि गेमनिर्मात्यांचा पाठिंबा यांचे नाते समजून घ्यायचे, तर प्लेस्टेशन-३ इतके बोलके उदाहरण दुसरे नाही. मे २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ई-३ प्रदर्शनात सोनीने या यंत्राची क्षमता दोन टेराफ्लॉप असल्याचे घोषित केले. प्रतिस्पर्धी एक्सबॉक्स ३६० चा दावा एक टेराफ्लॉपचा होता. दोन्ही आकडे तेव्हाच्या कोणत्याही मोजपट्टीत बसणारे नव्हते. ग्राफिक्स चिपमधील ठरावीक कामासाठी बांधलेले गणकही त्यात मोजले होते. त्याच प्रदर्शनात 'किलझोन' या गेमची जी चित्रफीत दाखविण्यात आली, ती यंत्रावर चाललेली नसून आधी तयार केलेली ॲनिमेशनपट्टी होती, हे नंतर उघड झाले.

यंत्र दुबळे होते, असे मात्र मुळीच नव्हे. सोनी, तोशिबा व आयबीएम यांनी मिळून घडविलेल्या 'सेल' या प्रोसेसरमध्ये एक मुख्य गाभा आणि आठ साहाय्यक गाभे होते. उत्पादनात वाया जाणाऱ्या चिपांचे प्रमाण कमी व्हावे म्हणून आठांपैकी एक बंद ठेवला गेला, एक यंत्राच्या कार्यप्रणालीसाठी राखला गेला आणि गेमच्या वाट्याला सहा आले. प्रत्येक साहाय्यक गाभ्याला स्वतःची अवघी २५६ किलोबाइट मेमरी होती. तिच्यात माहिती केव्हा आणायची आणि केव्हा परत धाडायची, हे सारे प्रोग्रामरनेच लिहून द्यायचे. मुख्य मेमरीही दोन भागांत विभागलेली होती : २५६ मेगाबाइट प्रोसेसरसाठी, २५६ ग्राफिक्ससाठी. एक्सबॉक्स ३६० मध्ये ५१२ मेगाबाइटचा एकच सामाईक साठा होता आणि विकासाची साधने परिचित होती. साहजिकच अनेक स्टुडिओंनी गेम आधी एक्सबॉक्ससाठी लिहिला आणि मग तो ओढूनताणून प्लेस्टेशनवर बसविला. अधिक ताकदीच्या यंत्रावर तोच गेम अधिक अडखळत चालताना दिसे, त्याचे कारण हे. यंत्र प्रोग्रामिंगला अवघड ठेवले की त्याची क्षमता वर्षानुवर्षे उलगडत जाते, अशा आशयाचे समर्थन सोनीच्या काझ हिराई यांनी २००९ मध्ये केले होते. ते वाचून किती प्रोग्रामरांनी कपाळाला हात लावला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

गंमत अशी, की हा प्रोसेसर शास्त्रज्ञांना भावला. अमेरिकी हवाई दलाच्या संशोधन प्रयोगशाळेने २०१० साली १,७६० प्लेस्टेशन-३ जोडून 'काँडोर' हा महासंगणक उभारला. भारतात एप्रिल २००७ मध्ये हे यंत्र ३९,९९० रुपयांना आले तेव्हा ते घेणाऱ्यांना असल्या कामाचे काय कौतुक? त्यांना गेम हवे होते, आणि ते मनाजोगते मिळण्यास पुढे दोन-तीन वर्षे जावी लागली. सोनीने यातून धडा घेतला. मार्क सर्नी यांच्याकडे २०१३ च्या प्लेस्टेशन-४ ची रचना सोपविताना आधी गेमनिर्मात्यांना विचारण्यात आले, वैयक्तिक संगणकासारखाच प्रोसेसर निवडला गेला आणि आठ गिगाबाइटचा एकच वेगवान मेमरीसाठा दिला गेला.

पाठिंबा कसा मिळतो, कसा जातो

गेमनिर्माते तीन गोष्टी पाहतात : यंत्र किती घरांत आहे, त्यावर काम करणे किती सोपे आहे, आणि आज लिहिलेला गेम उद्या दुसऱ्या यंत्रावर नेता येईल का. ताकद यानंतर येते. निन्टेन्डोच्या वीमधील प्रोसेसर प्रतिस्पर्ध्यांच्या मानाने फारच साधा होता, तरी ते यंत्र दहा कोटींहून अधिक विकले गेले. त्याचा वारस वी-यू दीड कोटीही गाठू शकला नाही आणि मोठ्या प्रकाशकांनी त्याकडे वर्षभरातच पाठ फिरविली. सेगाच्या ड्रीमकास्टला इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने एकही गेम दिला नाही; २००१ साली ते बंद पडले.

कमी ताकदीचे यंत्र पाठिंब्याला अडथळा ठरते, असेही कधी घडते. एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये दहाच गिगाबाइट मेमरी आहे. 'बाल्डर्स गेट-३' या गेममध्ये एकाच पडद्यावर दोघांनी खेळण्याची सोय त्यात बसेना, आणि दोन्ही एक्सबॉक्सवर समान सुविधा हव्यात हा मायक्रोसॉफ्टचा दंडक. परिणामी प्लेस्टेशनवर सप्टेंबर २०२३ मध्ये आलेला गेम एक्सबॉक्सवर डिसेंबरमध्ये आला, तोही सिरीज एसपुरती ही सोय वगळून. ती सोय पुढे २०२५ मध्ये मिळाली. मेमरीचा एक आकडा टेराफ्लॉपपेक्षा किती महत्त्वाचा ठरतो, ते यावरून दिसते.

भारतीय गेमनिर्मात्यांनी कन्सोलवर पाऊल ठेवले, तेही जुन्या यंत्रावर. 'हनुमान : बॉय वॉरियर' आणि कबड्डी, पतंग यांसारख्या देशी खेळांचा 'देसी अड्डा' हे हैदराबादच्या स्टुडिओंचे गेम २००९ साली प्लेस्टेशन-२ वर आले, मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' त्यानंतर. प्लेस्टेशन-३ बाजारात असताना नऊ वर्षांचे यंत्र का निवडले? भारतीय घरांत तेच होते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' हा याबाबतीत अधिक अभ्यासण्याजोगा. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी त्यांनी काम सोडले नाही. 'अनरिअल' या तयार इंजिनावर बांधलेला हा गेम १८ ऑगस्ट २०२० रोजी प्रथम आला तो निन्टेन्डो स्विचवर, म्हणजे त्या वेळच्या प्रमुख कन्सोलांमधील सर्वांत अशक्त यंत्रावर. प्लेस्टेशन-४, एक्सबॉक्स वन व संगणकावर तो ऑक्टोबरमध्ये पोहोचला. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळाले. इंजिन तयार मिळाल्याने यंत्र बदलण्याची यातायात छोट्या स्टुडिओला झेपते, हे पंधरा वर्षांपूर्वी शक्य नव्हते.

याच काळातील दुसरा अनुभव कटू आहे. युबिसॉफ्टने २००८ मध्ये गेमलॉफ्टकडून घेतलेला पुण्याचा स्टुडिओ आणि २०१८ चा मुंबईचा स्टुडिओ यांच्याकडे 'प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती सोपविण्यात आली. सप्टेंबर २०२० मध्ये तिची झलक दिसताच चित्रणाच्या दर्जावर टीकेची झोड उठली. गेम जुन्या पिढीच्या यंत्रांसाठी होता, आणि प्रेक्षकांची नजर मात्र दोन महिन्यांवर आलेल्या प्लेस्टेशन-५ च्या चित्रफितींनी आधीच बदलून टाकली होती. माझ्या मते टीकेच्या तीव्रतेत या वेळेचा मोठा वाटा होता. २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने तो गेमच रद्द केला.

पुढच्या यंत्राविषयी काय सांगता येते?

अफवा तपासण्याची सवय स्विच-२ ने चांगली लावली. त्यातील 'टी-२३९' या चिपचा तपशील २०२२ मध्ये एन्व्हिडिया कंपनीच्या चोरीस गेलेल्या माहितीतून फुटला होता. ५ जून २०२५ रोजी यंत्र आले, तेव्हा ही माहिती खरी ठरली. अंदाजाने ठोकून दिलेले आकडे मात्र बहुतेक फोल ठरले. या यंत्रात १२ गिगाबाइट मेमरी आहे, त्यातील नऊ गेमसाठी; दूरचित्रवाणीला जोडल्यावर सुमारे तीन टेराफ्लॉप. 'सायबरपंक २०७७' सारखा अवजड गेम पहिल्याच दिवशी त्यावर चालला, तो कमी तपशिलाच्या चित्राला मोठे व रेखीव करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने.

सोनीही त्याच वाटेवर आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्नी यांनी एएमडीचे जॅक ह्यून यांच्यासमवेत 'ॲमेथिस्ट' प्रकल्पाची तीन अंगे सांगितली : गणन-एककांना एकत्र जोडून कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम करवून घेणारे 'न्यूरल ॲरे', प्रकाशकिरणांच्या गणितासाठी वेगळे 'रेडियन्स कोअर' आणि मेमरीकडे जाणारी सर्व माहिती आकसून पाठविणारे 'युनिव्हर्सल कॉम्प्रेशन'. हे सारे तेव्हा केवळ संगणकीय प्रतिरूपात होते आणि काही वर्षांनी येणाऱ्या कन्सोलसाठी होते, हेही त्यांनीच स्पष्ट केले. त्या संभाषणात टेराफ्लॉपचा आकडा नव्हता. मायक्रोसॉफ्टनेही जून २०२५ मध्ये एएमडीशी पुढील यंत्रांसाठी करार जाहीर केला. म्हणजे दोघांचे मूळ बियाणे एकच. गेमनिर्मात्यांना एकाचे काम दुसऱ्यावर नेणे त्यामुळे सोपेच जावे. खरी अनिश्चितता किमतीची आहे. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरी चिपांची मागणी एवढी वाढविली, की त्यांचे दर भडकले. सोनीने त्याच वर्षी अमेरिकेत प्लेस्टेशन-५ ची किंमत ५० डॉलरने वाढविली होती. कन्सोल जुना होत जातो तसा स्वस्त होतो, हा आजवरचा शिरस्ता तेथे मोडला.

जांब्याच्या परिचितांना म्हणून मी प्रतिप्रश्न केला : खेळायचे गेम कोणते? त्यांनी दिलेली पाचही नावे प्लेस्टेशन-५ वर उपलब्ध होती, दोन तर प्लेस्टेशन-४ वरही. भारतात प्लेस्टेशन-५ जगाच्या अडीच महिने मागून, २ फेब्रुवारी २०२१ रोजी आले होते, आणि त्यानंतरही कित्येक महिने ते दुकानात सहज मिळत नव्हते, याची आठवणही करून दिली. त्यांनी थांबायचे नाही, असे ठरविले आहे.