रक्षकांची घडण

सत्तांतर एका दिवसात होते. परंतु सत्ता चालविणारी माणसे एका दिवसात घडत नाहीत. परप्रांती बदल्यांवर हिंडणाऱ्या आम्हां नोकरवर्गाला हे निराळे सांगावयास नको. आफ्रिकेतील वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा इतिहास पाहतानाही हेच सत्य प्रत्ययास येते.

सप्टेंबर १९६१ मध्ये टांगानिकातील आरुशा येथे निसर्गरक्षणाविषयी एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. देश स्वतंत्र व्हावयास तीन महिने उरले होते. वन्य प्राण्यांच्या रक्षणाची जबाबदारी नवे राष्ट्र पत्करील, असे ज्यूलियस न्येरेरे यांच्या नावे तेथे जाहीर झाले. त्याच जाहीरनाम्यात तज्ज्ञ ज्ञान, शिक्षित माणसे आणि पैसा यांची गरज मोकळेपणाने मान्य करून इतर राष्ट्रांचे साहाय्य मागितले होते. ते मागणे यथार्थच होते. कारण अभयारण्यांच्या वरिष्ठ जागा तोवर बहुतांशी गोऱ्यांच्याच हाती होत्या. आफ्रिकी माणूस माग काढी, पहारा करी. निर्णय मात्र दुसरा घेई.

ही उणीव भरून काढण्यासाठी १९६३ मध्ये किलिमांजारोच्या दक्षिण उतारावर, मोशी शहरानजीक, म्वेका येथे वन्यजीव व्यवस्थापनाचे महाविद्यालय निघाले. जीवशास्त्रज्ञ ह्यू लँप्री हे त्याचे पहिले प्राचार्य. प्राणिशास्त्राबरोबर कायदा आणि उद्यानाचा कारभार यांचे शिक्षण तेथे मिळे. आणि वर्गाइतकेच महत्त्व रानातील प्रत्यक्ष कामाला असे. आफ्रिकेतील इतर इंग्रजीभाषी देशांचे विद्यार्थीही तेथे येऊ लागले. फ्रेंचभाषी देशांसाठी १९७० मध्ये कॅमेरूनमधील गारुआ येथे अशीच शाळा सुरू झाली.

येथे आम्हांस डेहराडूनची आठवण होते. तेथील वनशाळा १८७८ मधली. परंतु परक्या राजवटीत ती निघाली ती मुख्यतः रेंजर आदी दुय्यम जागांची माणसे तयार करण्यासाठी. वरिष्ठ अधिकारी युरोपात शिकून येत. म्वेकाचा हेतू नेमका उलट होता: वरिष्ठ खुर्चीवर बसावयाचे ते देशातल्याच माणसाने.

तथापि खुर्चीबरोबर तिचा वारसाही येतो. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या सेरेंगेटी उद्यानातून १९५९ मध्ये मासाई गुराख्यांना बाहेर काढून गोरोंगोरोकडे हलविण्यात आले. तो निर्णय वसाहती सरकारचा. पण पुढे त्या सीमेवर उभे राहून गुरे अडविण्याचे काम मात्र स्वदेशी अधिकाऱ्याच्या वाट्यास आले. ज्या माणसांना वारंवार नाही म्हणावयाचे, त्यांचा विश्वास कसा मिळवावा, हा धडा प्राणिशास्त्राच्या ग्रंथात सापडत नाही. टांझानियाच्या १९९८ च्या वन्यजीव धोरणाने गावांच्या जमिनीवरील वन्य प्राण्यांच्या व्यवस्थेत गावकऱ्यांना वाटा देण्याची तरतूद केली. स्वातंत्र्यानंतर छत्तीस-सदतीस वर्षांनी धोरण या प्रश्नाकडे वळले.

म्हणून म्वेकाचे मोल केवळ पदवीधरांच्या संख्येवरून ठरविणे आम्हांस अपुरे वाटते. परक्यांनी घातलेला नियम आपल्या माणसांवर चालविताना तो पारखण्याचे धैर्य त्या शिक्षणाने किती दिले, हेही पाहिले पाहिजे. हा प्रश्न एकट्या आफ्रिकेचा आहे, असे आपल्यापैकी कोण म्हणेल?