चावलेल्या काडीचा ब्रश

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला ट्रॅडिशनल डेसाठी कँटीनच्या भिंतीवर वारली काढायचं काम माझ्याकडे आलं. मी पट्टी घेतली, कंपास घेतला, पांढऱ्या अॅक्रेलिकचा डबा घेतला. टोकाला टोक लावून दोन त्रिकोण, वर गोल डोकं, हातापायाच्या चार काड्या. दोन दिवसांत तीसेक माणसं गोलात नाचायला लागली. सगळ्यांनी समोर उभं राहून सेल्फी काढले. माझी हॉस्टेलमधली रूममेट तलासरीकडची, वारली. ती भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "छान आहे गं. पण कुणी हलतच नाहीये."

मला राग आला. हलत नाहीये म्हणजे काय? चित्र आहे ते.

पुढे काही वर्षांनी जिव्या सोमा म्हसे यांच्याबद्दल वाचायला घेतलं, तेव्हा ते वाक्य पुन्हा आठवलं. कारण म्हसे स्वतःच्या चित्रांबद्दल जे थोडं बोलले आहेत, त्यात एकच गोष्ट पुन्हापुन्हा येते: हालचाल. माणसं, पक्षी, प्राणी, मुंग्या, सगळं रात्रंदिवस हलत असतं आणि हलणं म्हणजेच जगणं. त्यांच्या चित्रात झाडाचं पान न् पान वेगळं दिसतं, एकेक मुंगी आपल्या कामाला निघालेली असते. कागदाचा कोपराही रिकामा नसतो, तरी गर्दी वाटत नाही. आणि दोन त्रिकोण जिथे टोकावर जुळतात, तिथे प्रत्येक माणूस थोडासा कललेला असतो. कुणी पुढे, कुणी मागे. माझे सगळे ताठ होते, पट्टीने काढलेले.

म्हसे यांचा जन्म १९३४चा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. पुढे ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडला राहिले. तेव्हा हा सगळा ठाणे जिल्हा होता, आता पालघर. लहानपणी आई गेली आणि पोरगा बोलायचाच थांबला, काही वर्षं. काही सांगायचं असलं की मातीत बोटाने चित्र काढून दाखवायचा. त्यांच्याबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक लेखात ही गोष्ट येते आणि तिचा शेवट ठरलेला असतो: असा हा स्वयंशिक्षित कलावंत.

इथे मी अडते.

वारली समाजात चित्र काढणं हे बायकांचं काम होतं. लग्न ठरलं की घरातल्या आतल्या भिंतीवर चौक काढायचा. खरं तर काढायचा नाही, 'लिहायचा', असाच शब्द आहे. कारवीच्या कुडाची भिंत, तिच्यावर शेणमाती, वर गेरू. त्यावर सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने चौकट लिहायची, चौकटीत पालघट देवी, शेजारी छोट्या चौकात पाच डोक्यांचा पंचशिऱ्या. धवलेरी गाणी म्हणते, देवांना बोलावते. चौक नाही तर लग्न नाही. लग्न झालं की हळूहळू धूर, ओल, पुढचं सारवण त्या चित्राला गिळून टाकतं. कुणी खाली सही करत नाही.

तर बिनआईच्या त्या पोराने बघितलं काय असेल? याच भिंती. त्याला कुणी समोर बसवून शिकवलं नाही हे खरं. पुरुष होता, शिकवायचा प्रश्नच नव्हता. पण शाळा तर होती. फक्त त्या शाळेतल्या मास्तरणींची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

म्हसे यांनी केलं ते वेगळंच. लग्नसराई असो-नसो, कारण असो-नसो, ते रोज काढू लागले. शेतावर मजुरी करायची आणि चित्रं काढायची. विधीसाठी नाही, स्वतःला काढावंसं वाटतं म्हणून. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, कारण आपण सगळेच हौस म्हणून काहीतरी करत असतो. पण त्या गावात, त्या काळात, पुरुषाने भिंतीवर बायकांचं काम करायचं? लोक काय म्हणाले असतील याची कल्पना मी करू शकते.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार तिथे पोचले. याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांना भिंतीवरून कागदावर आणण्याचं काम त्यांनी केलं होतं. इथेही त्यांनी बायकांना कागद दिले. बायका बिचकल्या. मग कळलं की चित्र काढणारा एक पुरुषही आहे. १९७५मध्ये मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हसे यांची चित्रं लागली, १९७६ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ला पॅरिसचं 'मॅजिशियन्स द ला तेर' हे गाजलेलं प्रदर्शन, २०११ला पद्मश्री, असं पुढचं सगळं तुम्हाला फोनवर सापडेल. मला त्यातलं एकच प्रदर्शन सांगायचंय.

२००३मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात म्हसे आणि रिचर्ड लाँग हा ब्रिटिश कलाकार, दोघांचं काम एकत्र लागलं. लाँग मैलोन्‌मैल चालतो, वाटेत दगडांची वर्तुळं मांडतो, भिंतीवर हाताने चिखल थापून मोठाले गोल काढतो. त्या वर्षी तो वारल्यांच्या मुलखातही येऊन काम करून गेला. एकाकडे तारप्याच्या नाचाचा वेटोळा, दुसऱ्याकडे चिखलाचं वर्तुळ. लाँग लंडनच्या सेंट मार्टिन्स या नामांकित कलाशाळेत शिकलेला. आपण त्याची ओळख करून देताना 'शाळेत शिकलेला कलावंत' असं कधी म्हणत नाही. म्हसे यांच्या नावामागे मात्र 'स्वयंशिक्षित' चिकटतंच. कौतुक म्हणूनच म्हणतात लोक, मान्य. पण त्या कौतुकात त्या सगळ्या सवाशिणी पुसल्या जातात, आणि म्हसे जंगलात अचानक उगवल्यासारखे दिसतात.

त्यांची साधनं म्हणजे तांदळाचं पीठ, डिंकाचं पाणी आणि बांबूची काडी, टोक चावून तंतू मोकळे केलेली. भिंत सुटली तेव्हा त्यांनी भिंत सोबत घेतली: कापडावर, कॅनव्हासवर शेण सारवायचं आणि त्यावर काढायचं. पुढे पिठाच्या जागी पांढरं अॅक्रेलिक आलं, पण खाली शेण राहिलं. यावरून नाक मुरडणारे भेटतात, 'अस्सल' राहिलं नाही म्हणतात. मला ते पटत नाही. कागद देणारे आपण, गॅलरी आपली, आणि पिठाचा आग्रह फक्त त्यांना?

तरी पीठ म्हणजे काय ते बघावं म्हणून गेल्या पावसाळ्यात मी तांदूळ भिजवून वाटले. बांबूची काडी चावली. दातात तंतू अडकले ते दोन दिवस निघाले नाहीत. जुन्या कार्डबोर्डवर गेरू लावला आणि बसले. पहिली गंमत अशी की ओलं पीठ दिसतच नाही. पाण्यासारखी रेघ उमटते आणि वाळल्यावर हळूहळू पांढरी होते. म्हणजे आपण काय काढलं ते आपल्याला थोड्या वेळाने कळतं. चुकलं तर चुकलं, आणि पुसायला गेलं की गेरूच उखडतो. दुसरं म्हणजे काडीत पीठ फार मावत नाही. दोन-तीन बोटं रेघ गेली की पुन्हा बुडवायची. लांब सरळ रेघ मारताच येत नाही, ती तुकड्यातुकड्याने पुढे सरकते आणि प्रत्येक तुकडा जरासा वाकडा पडतो. तासाभरात मान अवघडली. म्हसे यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत अख्खा कॅनव्हास बारीक विणीने भरलेला असतो, हजारो छोटे छोटे घर. ते मी स्क्रीनवर दोन बोटांनी मोठं करून बघत राहिले.

देवी काढायची माझी हिंमत नव्हती. नुसती चौकट केली, कडेची नक्षी आणि आत चार माणसं. रूममेटला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं. ती हसली, "आता जरा हलतायत." मग तिने फोन आजीकडे दिला. आजींनी डोळे बारीक करून चौकटीकडे नीट बघितलं आणि मला विचारलं, लग्न कुणाचं आहे?