‘सिस्टर’ आणि लष्करी हुद्दा

अचलपूरला लागून असलेले परतवाडा ही मूळची फौजेच्या छावणीच्या आश्रयाने वाढलेली वस्ती. हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणी येथे असत आणि त्या फौजेच्या खर्चापोटीच १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हाती सोपविला. आमच्या भूमीचे लष्कराशी नाते असे जुने आहे. तरीही लष्कर म्हटले की डोळ्यांपुढे पुरुषच उभा राहतो आणि सैन्यातील स्त्रियांचा इतिहास १९९२ पासून सुरू झाला, असे सर्रास मानले जाते. त्या वर्षी भूसेनेने वैद्यकीय शाखांबाहेरही स्त्रियांना अधिकारी म्हणून घेण्यास प्रारंभ केला, हे खरे. परंतु त्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे लष्कराच्या रुग्णालयांतून स्त्रिया राबत होत्या. त्यांचा विसर पडणे हा अन्याय आहे, असे आम्हांस वाटते.

१८५४ साली क्रिमियाच्या युद्धातील जखमींच्या शुश्रूषेसाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ स्त्रियांना घेऊन निघाल्या. त्यांत १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या. रुग्णालयातील परिचारिकेला आपण आजही ‘सिस्टर’ म्हणतो, त्या संबोधनामागे अशाच धर्मभगिनींची पिढ्यान्‌पिढ्यांची सेवा उभी आहे.

पुढे मार्च १८८८ मध्ये कॅथरिन ग्रेस लॉक आणि त्यांच्या सहकारी परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या. संख्येने त्या अवघ्या दहाच्या आसपास. रावळपिंडी आणि बंगलोर येथील लष्करी रुग्णालयांत त्यांनी कामास आरंभ केला. प्रारंभी ही सेवा गोऱ्या सैनिकांपुरतीच होती. भारतीय परिचर्या सेवेला कायमचे स्वरूप लाभले ते पहिल्या महायुद्धानंतर, १ ऑक्टोबर १९२६ रोजी. दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४३ च्या अध्यादेशाने या परिचारिकांना लष्करी अधिकाऱ्याचा दर्जा दिला. म्हणजे १८८८ पासून मोजले तर सेवा आधी आणि हुद्दा पंचावन्न वर्षांनी.

हा विलंब का झाला असावा? सेवेची स्तुती करणे सोपे असते. सेवा करणारीचा अधिकार मानणे कठीण. पण लष्करात हुद्दा म्हणजे केवळ खांद्यावरची शोभा नव्हे. रात्रीच्या प्रहरी, जखमींनी भरलेल्या कक्षात परिचारिकेची आज्ञा शिपायाने तत्काळ पाळली तरच रुग्ण वाचतो. विनंती करणाऱ्या बाईला नकार देता येतो, अधिकाऱ्याला देता येत नाही. म्हणूनच तेथे अधिकार हाही शुश्रूषेचाच एक भाग ठरतो.

या सेवेचे फळ पुढे सर्वांना दिसले. १९७६ मध्ये गर्ट्रूड अ‍ॅलिस राम या मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यात हा हुद्दा मिळविणारी पहिली स्त्री रणांगणावरून नव्हे, तर परिचर्या सेवेतून आली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ३० मे २०२५ रोजी पुण्याजवळील खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ युवतींची पहिली तुकडी शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली, तेव्हा देशाने त्यांचे कौतुक केले. ते योग्यच झाले. मात्र त्या वाटेवरचे पहिले काटे परिचारिकांनी वेचले होते.

वाचकहो, आमच्या धर्मग्रामांतील कितीतरी कन्या परिचारिकेचे शिक्षण घेतात. त्यांच्याविषयी बोलताना ‘मुलगी सेवा करते’ एवढेच आपण म्हणतो आणि तिचे ज्ञान, तिची जबाबदारी, तिचा शब्द यांना घरात व समाजात मान देण्याचे राहून जाते. तिने लष्करी परिचर्या सेवेत जाण्याची इच्छा दर्शविली तर ‘मुलीच्या जातीला फौज कशाला?’ असे म्हणून तिची वाट अडवू नये. ज्या सेवेला लष्कराने अधिकाऱ्याचा मान दिला, तिला आपल्या घरातही तोच मान मिळावयास हवा.